कोरड्या जंगलाचे माप : भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था

भोपाळच्या पूर्व भागात, रायसेन रस्त्याच्या परिसरात, भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, म्हणजे ‘भेल’च्या, वसाहतीला लागून इंद्रपुरी आहे, आणि या भागाच्या वाढीमागे भेलच्या ज्या कारखान्याचा मोठा वाटा आहे तो ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उभा राहिला. त्या कारखान्याची मूळ कंपनी 1956 साली स्थापन झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नेहरू नगरच्या बाजूस, भदभदा धरणाजवळच्या टेकडीवर परदेशी सहकार्यातून घडलेली आणखी एक संस्था आहे. यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याइतकी ती शहराच्या बोलण्यात नसते, परंतु आशियातील कोरड्या जंगलांच्या अभ्यासात भोपाळचे नाव रूढ झाले ते तिच्यामुळे. ती म्हणजे भारतीय वन व्यवस्थापन संस्था.

भारतातील शास्त्रीय वनविद्येचा पाया आंतरराष्ट्रीयच होता, फक्त ते सहकार्य साम्राज्याच्या हुकमाने चालणारे होते. 1864 साली हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झालेले डीट्रिख ब्रँडिस जर्मन होते, त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले श्लिक आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच, आणि 1878 साली सुरू झालेल्या डेहराडूनच्या वनशाळेत शिकवली जाणारी विद्या मध्य युरोपातील इमारती लाकडाच्या जंगलांवर तयार झालेली होती. वनसंशोधन संस्थांचा जागतिक संघही याच परंपरेतून, 1892 साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे स्थापन झाला. त्याचे मुख्यालय आज व्हिएन्नात आहे. ठरावीक वर्षांनी ठरावीक घनमीटर लाकूड देणारे जंगल हे या विद्येचे आदर्श रूप होते.

स्वातंत्र्यानंतर या चौकटीला पहिला मोठा धक्का राष्ट्रीय कृषी आयोगाच्या 1976 च्या अहवालाने दिला. गावाजवळच्या पडीक जमिनीवर आणि शेताच्या बांधावर लोकांच्या गरजेसाठी झाडे लावण्याचा, म्हणजेच सामाजिक वनीकरणाचा, पुरस्कार या अहवालाने केल्यावर परदेशी मदतीचा ओघ सुरू झाला: मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील प्रकल्पांना अमेरिकेची, तामिळनाडू आणि ओडिशातील प्रकल्पांना स्वीडनची मदत मिळाली. रोपे लावून झाली की ती राखायची कोणी, वाटायची कशी आणि विकायची कुठे, हे प्रश्न मात्र डेहराडूनच्या पाठ्यक्रमाच्या बाहेरचे होते. त्यासाठी झाडाइतकेच हिशेब, बाजार आणि माणसे समजणारी व्यक्ती हवी होती. या गरजेतून 1982 साली स्वीडनच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेच्या आर्थिक साहाय्याने आणि अभ्यासक्रमाच्या बाबतीत अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेच्या मदतीने, आज केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीत असलेली भोपाळची ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. तिचा वन व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम 1988 साली सुरू झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय वननीतीने महसुलापेक्षा पर्यावरणीय समतोलाला आणि स्थानिकांच्या गरजांना अग्रक्रम दिला, हा योगायोग संस्थेच्या पथ्यावर पडला.

संस्थेची वास्तूही अशाच देवाणघेवाणीतून आलेली आहे. ती रचणारे अनंत राजे मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयात शिकले, फिलाडेल्फियात लुई कान यांच्या कार्यालयात काम करून परतले आणि 1974 साली कान यांचे निधन झाल्यावर अहमदाबादच्या प्रबंध संस्थेच्या संकुलाचे काम त्यांनी पुढे नेले. भोपाळला मात्र त्यांनी अहमदाबादची नक्कल केली नाही. माळव्यातील मांडूच्या राजवाड्यांचा विचार मनात ठेवून त्यांनी टेकडीच्या माथ्यावर प्रांगणे आणि इमारती मांडल्या. महाराष्ट्रातील वास्तुकलेच्या चर्चेत राजे यांच्या या कामाला त्याच्या योग्यतेच्या मानाने फारच थोडी जागा मिळते.

संस्थेची खरी ओळख मात्र एका यादीमुळे झाली. 1992 च्या रिओ पर्यावरण परिषदेनंतर जंगल शाश्वत रीतीने, म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला धक्का न लावता, सांभाळले जाते आहे की नाही हे ठरवायचे कसे, या प्रश्नावर देशोदेशी गट बनले. प्रत्येक गटाने निकष आणि निर्देशक ठरवले. निकष म्हणजे काय टिकले पाहिजे याचे शीर्षक, आणि निर्देशक म्हणजे ते टिकले की नाही हे दाखवणारी मोजता येण्याजोगी बाब. योकोहामा येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय इमारती लाकूड संघटनेने 1992 सालीच उष्णकटिबंधातील जंगलांसाठी अशी यादी काढली होती, तर समशीतोष्ण आणि उत्तरेकडील थंड प्रदेशांच्या माँट्रियल गटाने 1995 साली 7 निकष आणि 67 निर्देशक मान्य केले. या मांडणीत सदाहरित वर्षावने होती, पाइन आणि स्प्रूसची वने होती. चार महिने पाऊस आणि आठ महिने उन्हाळी कोरड असलेले साग, ऐन, धावडा, सालई, तेंदू आणि मोहाचे जंगल मात्र कोणत्याच यादीत नीट बसत नव्हते.

ही उणीव वरवरची नव्हती. कोरड्या पानझडी जंगलात लाकडाची वाढ मंद असते आणि पुनरुत्पत्ती बऱ्याचदा बियांऐवजी तोडलेल्या खोडाला फुटणाऱ्या धुमाऱ्यांतून होते, त्यामुळे हेक्टरी घनमीटर हा आकडा अशा जंगलाची अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी तेंदूपत्ता, मोहफुले, चारोळी, डिंक, चारा आणि डोक्यावरून आणलेल्या सरपणात असते, आणि यातले बरेचसे कोणत्याही डेपोच्या नोंदवहीत येत नाही. आगीचेच उदाहरण घेतले तर युरोपीय वनविद्येच्या हिशेबात जळालेले क्षेत्र ही सरळ हानी ठरते. मध्य भारतात मात्र मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो आणि तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही आग लावली जाते. आग रोपांना मारतेच, पण ती लावणाऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचा विचार न करता केलेले मोजमाप उपाय सुचवू शकत नाही. चराईचेही तसेच आहे.

हे लक्षात घेऊन संस्थेने 1998 साली देशातील तज्ज्ञांच्या मदतीने जी प्रक्रिया सुरू केली ती भोपाळ-भारत प्रक्रिया या नावाने ओळखली जाते. तिच्यातून 8 निकष आणि 51 निर्देशक निघाले. पुढे छाटणी होऊन निर्देशक 43 झाले. वनक्षेत्र, जैवविविधता, जंगलाचे आरोग्य, माती-पाणी, उत्पादकता, वनोपजांचा योग्य वापर आणि कायदेशीर-संस्थात्मक चौकट यांच्या जोडीला सामाजिक, सांस्कृतिक आणि आध्यात्मिक लाभ हाही स्वतंत्र निकष त्यात होता, आणि देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्याचे कारण सांगावे लागणार नाही. 1999 च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, पर्यावरण कार्यक्रम, योकोहामाची संघटना आणि अमेरिकेची वनसेवा यांच्यासह भोपाळला कार्यशाळा झाली आणि तिच्यात आशियातील कोरड्या जंगलांसाठी 8 निकष आणि 49 निर्देशक ठरले. भारतासह नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, चीन आणि मंगोलिया हे देश या उपक्रमात मोजले जातात. मंगोलियाचे विरळ थंड जंगल आणि श्रीलंकेचे कोरडे जंगल एका यादीत बसवताना काही निर्देशक ढोबळ राहणे अटळ होते, आणि ते राहिलेही.

यानंतर योकोहामाच्या संघटनेच्या साहाय्याने संस्थेने मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या काही वनविभागांत गावकऱ्यांकडूनच निर्देशक तपासून घेण्याचा प्रकल्प चालवला. सहकार्याच्या सगळ्या इतिहासात हा भाग अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे, कारण परिषदेत मान्य झालेला निर्देशक वनरक्षकाला आणि वन समितीच्या सदस्याला मोजता येत नसेल तर त्याचा उपयोग अहवालापुरताच. याच विचाराचा दुसरा धागा विदर्भात सापडतो. पुढे 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी 1992 साली अमेरिकेत सुरू केलेल्या, जंगल आणि ते सांभाळणाऱ्या संस्थांचा अनेक देशांत एकाच पद्धतीने अभ्यास करणाऱ्या जाळ्याचे एक सहयोगी केंद्र नागपूरची ‘शोध’ ही संस्था होती. रुचा घाटे यांनी त्या पद्धतीने पूर्व विदर्भातील गावांच्या वनव्यवस्थापनाचा अभ्यास केला, आणि त्यात देखरेख कोण आणि कशी करतो याला मोठे महत्त्व आढळले. भोपाळने काय मोजावे हे ठरवले, तर नागपूरच्या अभ्यासाने मोजणाऱ्याकडे लक्ष वेधले.

शासकीय व्यवहारात ही यादी सावकाश उतरली. वनविभागाची कार्य आयोजना, म्हणजे सुमारे दहा वर्षांसाठी प्रत्येक जंगलात काय करायचे याचा आराखडा, कशी लिहावी हे सांगणाऱ्या 2014 च्या राष्ट्रीय संहितेत शाश्वत व्यवस्थापनाच्या निकषांना स्थान मिळाले, म्हणजे भोपाळची प्रक्रिया सुरू झाल्यावर सोळा वर्षांनी. 2023 च्या सुधारित संहितेत भारतीय वन व्यवस्थापन मानक समाविष्ट झाले. त्याच वर्षी युरोपीय संघाने लाकूड, रबर, कॉफी यांसारखा माल जंगलतोडीतून आलेला नाही याचा पुरावा मागणारा कायदा केला आणि डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने भारतीय वन व लाकूड प्रमाणन योजना जाहीर केली, जिची संचालक यंत्रणा भोपाळचीच संस्था आहे. जी चर्चा पूर्वी शास्त्रज्ञांच्या आग्रहाने चालत होती तिला आता निर्यातदाराचीही निकड लागली आहे.

या योजनेत वनव्यवस्थापन, जंगलाबाहेरील झाडे आणि लाकडाचा उगमापासून ग्राहकापर्यंतचा प्रवास यांसाठी प्रमाणपत्रे आहेत आणि सहभाग ऐच्छिक आहे. तपासणीचा खर्च सरकारी वन महामंडळे किंवा मोठे कारखाने पेलू शकतील; बांधावर सागाची चाळीस-पन्नास झाडे असलेल्या शेतकऱ्याला तो एकट्याने परवडणारा नाही. अशा शेतकऱ्यांना एकत्र आणून कमी खर्चात प्रमाणपत्र मिळवून देण्याचे काम प्रथम झाले पाहिजे, आणि त्यासाठी गावपातळीवर मोजणी शिकलेली माणसे तयार करण्याचा अनुभव ज्या संस्थेकडे आहे तिने ते इतर कोणाची वाट न पाहता हाती घ्यावे.