धूळ ओढणाऱ्या यंत्राकडे कोण बघणार?

उमरेडच्या अ‍ॅल्युमिनियम पावडरच्या कारखान्यात ११ एप्रिल २०२५ रोजी स्फोट झाला. ३० जूनला तेलंगणातल्या पाशमैलारमच्या स्फोटात पन्नासहून अधिक माणसे गेली आणि तिथे संशयाची सुई धुळीकडे वळली. पाशमैलारमला तयार होत होते ते लाकडाच्या लगद्यापासून केलेले सेल्युलोजचे चूर्ण. आपल्याकडे फर्निचरच्या गाळ्यात सँडरखाली रोज उडते ती धूळ याच जातकुळीतली.

धुळीचा धोका काही नवा नाही. १४ डिसेंबर १७८५ रोजी इटलीतल्या तुरिन शहरात एका बेकरीत स्फोट झाला. काउंट मोरोझ्झो यांनी त्याची बारकाईने चौकशी केली. वरून पीठ एकदम कोसळले, त्याचा ढग उठला आणि तो भिंतीवरच्या दिव्याने पेटला. कित्येक महिने पाऊस नव्हता, त्यामुळे पीठ कमालीचे कोरडे होते, हेही त्यांनी नोंदवले. सुकी बारीक पूड, तिचा हवेतला ढग, बंदिस्त जागा आणि एक ज्योत हे सगळे त्यांच्या अहवालात आहे. लाकडाच्या बारीक सुक्या धुळीला स्फोटासाठी एका घनमीटर हवेत ४०-५० ग्रॅमचे प्रमाणही पुरते.

मग डस्ट कलेक्टर बसवला की झाले? इथेच आपली फसगत होते. धूळ, हवा आणि बंदिस्तपणा हे तिन्ही त्या यंत्राच्या पोटात कायम हजर असतात. उणीव असते ती फक्त ठिणगीची. लाकडातला खिळा पात्याला लागला किंवा सँडिंगच्या पाइपलाच ग्राइंडर जोडला, की तीही भरून निघते. चीनमधल्या कुनशानला २ ऑगस्ट २०१४ रोजी मोटारीच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात आग डस्ट कलेक्टरमध्येच सुरू झाली. ओलसर अ‍ॅल्युमिनियमची पूड आपोआप तापत गेली. पाइप वेळेवर साफ केलेले नव्हते. १४६ जणांचा बळी गेला.

पहिला स्फोट अनेकदा लहान असतो. त्याच्या धक्क्याने छपराच्या कैच्यांवर, ट्यूबलाइटवर, केबलवर साचलेली धूळ खाली येते आणि दुसरा स्फोट छप्पर उडवतो. म्हणून कंप्रेसरची हवा मारून गाळा ‘साफ’ करण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. त्याने फक्त ढग तयार होतो.

उपाय माहीत आहेत. मोठा कलेक्टर इमारतीबाहेर ठेवा. त्याला स्फोटाचा दाब मोकळ्या जागेत सोडणारी झडप आणि आग पाइपमधून आत येऊ न देणारा अडसर असू द्या. पाइप धातूचे आणि अर्थिंग केलेले हवेत. लाकूड आणि धातू यांची धूळ वेगवेगळी ओढा. पिशवी रोज रिकामी करा. अ‍ॅल्युमिनियमच्या आगीवर पाणी नको, कोरडी वाळू टाका.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३७ याच धोक्यासाठी होते. पण वीज वापरणारा कारखाना ठरायला मूळ कायद्यात १० कामगार लागत; त्याची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितेने ती मर्यादा २० वर नेली. छोट्या गाळ्यांकडे बघणारा निरीक्षक त्यामुळे आणखी दूर गेला, हे मला अजिबात मान्य नाही.

निरीक्षक येईल तेव्हा येईल, तोवर जबाबदारी मालकांची आहे. यंत्र घेताना अश्वशक्ती विचारता, तशी स्फोटाची झडप आहे का, हेही विचारा. आणि कैच्यांवरची धूळ या आठवड्यातच व्हॅक्यूमने काढून घ्या.