हृद्रोगाचे संशोधन : आकडे आणि अर्थ

भारतातील एकूण मृत्यूंपैकी हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १९९० मध्ये सुमारे १५ टक्के होते. २०१६ मध्ये ते २८ टक्क्यांवर गेले. अवघ्या एका पिढीच्या काळात या विकाराने देशाच्या मृत्युनोंदीतील आपला वाटा जवळजवळ दुप्पट केला. एवढे बळी घेणाऱ्या रोगावर देशात संशोधन किती होते, हा प्रश्न त्यामुळे साहजिकच उपस्थित होतो. शोधनिबंध मोजले की उत्तर मिळेल, असे वरकरणी वाटते. मात्र ही मोजदाद कशी होते हे पाहिले, की त्या आकड्यांतून काय कळते आणि काय निसटते, याचा उलगडा होतो.

मोजदाद कशी होते?

वैज्ञानिक वाङ्मयाच्या मोजमापाची 'बिब्लिओमेट्रिक्स' ही स्वतंत्र अभ्यासशाखा आहे. कोणता निबंध पुढे कोणी संदर्भ म्हणून वापरला, याची पद्धतशीर सूची अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला आणि या शाखेला भक्कम साधन मिळाले. 'वेब ऑफ सायन्स' हे त्याच सूचीचे आजचे रूप. २००४ मध्ये 'स्कोपस' ही दुसरी मोठी सूची आली. अभ्यासक अशा सूचीत हृद्रोगाशी संबंधित शब्द, वर्षे आणि देशाचे नाव देऊन शोध घेतात. हाती येणारी संख्या म्हणजे त्या देशाचे त्या विषयातील संशोधन.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. निबंध कोणत्या देशाचा, हे संशोधकाच्या नागरिकत्वावरून किंवा रुग्ण कोठले यावरून ठरत नाही. ते ठरते लेखकाच्या नावाखाली छापलेल्या संस्थेच्या पत्त्यावरून. साऱ्या गणिताचा पाया म्हणजे ही एक ओळ!

पत्त्याचा घोळ

मुंबईच्या वेशीवरील मीरा रोडचे उदाहरण या दृष्टीने बोलके ठरेल. दहिसरनंतरचे हे पश्चिम रेल्वेचे स्थानक ठाणे जिल्ह्यात येते. येथील कारभार २००२ मध्ये स्थापन झालेली मीरा-भाईंदर महापालिका पाहते आणि येथील पिनकोड मुंबईप्रमाणे ४०० ने नव्हे, तर ४०१ ने सुरू होतो. दैनंदिन व्यवहारात मात्र हे मुंबईचेच उपनगर मानले जाते. तेथील एखाद्या हृद्रोगतज्ज्ञाने निबंध लिहिला, तर पत्त्यात 'मीरा रोड, ठाणे', 'मीरा रोड, मुंबई' किंवा नुसते 'भाईंदर' यांपैकी काहीही येऊ शकते. देशाच्या बेरजेत त्याने फरक पडत नाही. शहरवार यादीत मात्र एकाच रुग्णालयाचे काम तीन ठिकाणी विखुरते.

याच्या उलटही घडू शकते. 'केईएम रुग्णालय' मुंबईत आहे, तसे पुण्यातही आहे. दोन्ही संस्था स्वतंत्र आहेत. संगणकाला मात्र नाव एकच दिसते. १९९५ मध्ये 'बॉम्बे'चे 'मुंबई' झाल्याने त्यापूर्वीचे आणि नंतरचे निबंधही जोडून घ्यावे लागतात. पत्ते तपासून एकरूप करण्याचे हे किचकट काम न करता काढलेल्या क्रमवारीवर फार विसंबता येत नाही.

अनेक देशांनी मिळून केलेल्या संशोधनात पेच आणखी वाढतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखालील 'इंटरहार्ट' हा अभ्यास २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५२ देशांतील रुग्णांचा समावेश होता. असा निबंध प्रत्येक सहभागी देशाच्या खात्यावर पूर्ण एक म्हणून मांडायचा, सर्वांत वाटून अपूर्णांकात मांडायचा, की केवळ पहिल्या लेखकाच्या देशाला द्यायचा? या तिन्ही पद्धती वापरात आहेत. पद्धत बदलली, की त्याच देशाचा क्रमांक बदलू शकतो.

संख्या आणि वजन

संख्येने गुणवत्ता कळत नाही, म्हणून निबंधाचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला हे पाहतात. याच तत्त्वावर नियतकालिकांचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' काढला जातो आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये सुचविलेला 'एच-निर्देशांक'ही त्यावरच बेतलेला आहे. पण संदर्भ मिळण्यास वर्षे लागतात, आणि स्वतःच्याच निबंधांचे संदर्भ देऊन आकडा फुगविताही येतो.

या हिशेबातून काय सुटते, हे नागपूरच्या एका उदाहरणावरून दिसते. 'इंटरहार्ट'च्याच माहितीवर आधारलेला एक निबंध जानेवारी २००७ मध्ये 'जामा' या अमेरिकी नियतकालिकात आला. त्याचे पहिले लेखक होते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. प्रशांत जोशी. दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत सुमारे ५९ व्या वर्षी, असे त्यात आढळले. हा फरक आनुवंशिक गूढामुळे नव्हे, तर घातक घटक कमी वयातच अंगी लागल्यामुळे पडतो, असा निष्कर्ष निघाला. मधुमेह आणि रक्तातील मेदघटकांचे बिघडलेले प्रमाण अधिक. व्यायाम आणि रोजच्या आहारातील फळे-भाज्या कमी. उपचारांची आणि प्रतिबंधाची दिशा सांगणारा हा निबंध मोजदादीत मात्र 'एक' एवढाच भरतो. एकाच रुग्णाची हकीकत सांगणारे दोन पानी टिपणही तेथे 'एक'च असते.

प्रश्न कोणाचे?

बंगळुरूचे डॉ. डेनिस झेवियर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेला 'क्रिएट' अभ्यास याच मालिकेतला. त्यात देशातील ५० शहरांतील २० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद होती. छातीत कळ आल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंत निम्म्या रुग्णांचे सहा तास किंवा त्याहून अधिक गेले होते. दाखल झाल्यावर गुठळी विरघळविणारे औषध मात्र साधारण ५० मिनिटांत मिळत होते. म्हणजे मोलाचा वेळ घरात आणि रस्त्यात जात होता. ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के, तर गरिबांत ८.२ टक्के होते. आणि मिळालेल्या उपचारांतील तफावत हिशेबात धरली, की हा फरक नाहीसा होत होता.

२०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या असलेल्या मीरा-भाईंदरसारख्या दाटीच्या शहराला नेमकी हीच माहिती हवी असते. रात्री दोन वाजता घाम फुटलेला माणूस किती वेळात योग्य रुग्णालयात पोहोचतो? त्याला पहिला उपचार कोण देतो? खर्चामुळे उपचार थांबतात का? या प्रश्नांची उत्तरे परदेशी प्रयोगशाळेतून येणार नाहीत. ती येथील रुग्णालयांच्या नोंदींतूनच मिळतील.

अशा नोंदींचे निबंधांत रूपांतर होण्याचे प्रमाण मात्र तोकडे आहे. डॉ. समीरण नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या काळातील ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांची पाहणी केली, तेव्हा ३३२ संस्थांच्या नावावर एकही निबंध आढळला नाही. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था केवळ २५ होत्या. दुसरीकडे, पदोन्नतीसाठी निबंधांच्या संख्येची अट घातली, की केवळ संख्या भरून काढणारे लेखन वाढीस लागते, हाही धोका असतोच.

तेव्हा देशाच्या क्रमांकाची बातमी वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात. निबंध कोणत्या सूचीतून आणि कोणत्या पद्धतीने मोजले? त्यांचा संदर्भ पुढे कोणी घेतला? आणि त्यांनी येथील रुग्णाच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले? पहिल्या दोहोंची उत्तरे संगणक देतो. तिसऱ्याचे उत्तर मात्र निबंध उघडून वाचल्याशिवाय मिळत नाही, आणि उपनगरातल्या रुग्णाचा जीव त्याच उत्तरावर अवलंबून असतो.