सारखे दिसणारे ताप आणि रक्तातील खुणा

आषाढ-श्रावणात बाह्यरुग्ण विभागात जी गर्दी होते, तिच्यातील बहुतेकांची तक्रार एकच असते: ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणे आणि अन्नावरची वासना जाणे. हिवताप, डेंग्यू, चिकुनगुन्या, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस आणि विषमज्वर हे सहाही आजार पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुधा याच रूपाने येतात. केवळ लक्षणांवरून त्यांत भेद करणे अनुभवी डॉक्टरांनाही कठीण जाते. उपचार मात्र एकमेकांहून अगदी भिन्न आहेत. डेंग्यूवर प्रतिजैविकांचा उपयोग नाही; तेथे शरीरातील द्रवाचा तोल सांभाळावा लागतो. स्क्रब टायफसचा ताप डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने बहुधा दोन दिवसांत उतरू लागतो. परंतु विषमज्वरासाठी दिले जाणारे सेफ्ट्रियाक्सोनचे इंजेक्शन त्यावर लागू पडत नाही. रोग ओळखण्यात चार दिवस गेले, तर फुप्फुसे व मूत्रपिंडे निकामी होऊन प्राणावर बेतू शकते.

या भेदासाठी रक्तातील काही घटकांचा आधार घेतला जातो. वैद्यकात त्यांना ‘मार्कर’ म्हणतात; आपण त्यांना खुणा म्हणू. त्या तीन प्रकारच्या असतात. पहिली खूण खुद्द रोगजंतूची किंवा त्याच्या एखाद्या प्रथिनाची. दुसरी, त्याच्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेल्या प्रतिपिंडांची. तिसरी, रोगाने रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांवर केलेल्या परिणामांची. पहिली सामान्यतः लवकर सापडते व लवकर नाहीशी होते. दुसरी उशिरा येते आणि दीर्घकाळ रेंगाळते. तिसरी स्वतः कोणत्याच रोगाचे नाव सांगत नाही, पण इतर खुणांशी ताडून पाहिल्यास दिशा दाखविते. तपासण्यांची यादी पाहून ‘एवढ्या कशासाठी?’ असे नातेवाइकांनी विचारणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या तीन खुणांच्या स्वभावात आहे.

हिवतापाचे निदान त्यातल्या त्यात सरळ. अल्फाँस लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी १८८० साली अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला. आजही काचपट्टीवरील रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हीच या रोगाची प्रमाण तपासणी मानली जाते. एका काचपट्टीत जंतू न दिसल्याने हिवताप नाही असे ठरत नाही. संशय राहिल्यास १२ ते २४ तासांनी पुन्हा रक्त पाहावे लागते. काही मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्या उपयुक्त आहेत. मात्र फॅल्सिपेरम हिवतापासाठी त्यांतील अनेक पट्ट्या एचआरपी-२ हे जे प्रथिन शोधतात, ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. गेल्या महिन्यात हिवताप होऊन गेलेल्या माणसास आज डेंग्यू झाला, तर अशी पट्टी हिवतापच दाखवू शकते.

डेंग्यूत तापाचा दिवस कोणता, यावर सारे अवलंबून असते. विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत सापडते. आयजीएम प्रतिपिंडे चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

प्लेटलेटविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण व्हरांड्यात थांबलेल्या नातेवाइकांच्या तोंडी रोगाच्या नावापेक्षा हा आकडाच अधिक असतो. निरोगी माणसात एका घन मिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. डेंग्यूत त्या घटतात हे खरे. पण हिवताप, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस यांतही त्या घटतात. म्हणजे केवळ या आकड्यावरून रोग ओळखता येत नाही. डेंग्यूचे निदान झाल्यावरही अधिक बोलका ठरतो तो हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताच्या घनफळातील पेशींचा वाटा. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागला की रक्त दाट होते आणि हा आकडा चढतो. मूळ पातळीच्या २० टक्क्यांनी तो वाढला, तर द्रव मोठ्या प्रमाणात झिरपत असल्याचे समजतात. हे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरत असताना घडते. नेमके तेव्हाच रुग्णास घरी जावेसे वाटते. प्लेटलेट झपाट्याने उतरत असताना हिमॅटोक्रिट चढणे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत धोक्याच्या लक्षणांत नोंदविले आहे. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या आणि ग्लानी हीही त्याच यादीत आहेत. रक्तस्राव नसताना केवळ आकडा सुधारावा म्हणून प्लेटलेट चढविण्याने सहसा लाभ होत नाही. तरीही त्या पिशवीसाठी नातेवाईक रात्री-बेरात्री रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवितात. बरे होण्याच्या टप्प्यात प्लेटलेट आपोआप वाढतात. त्या दिवशी पपईच्या पानांचा रस दिलेला असो वा किवीचे फळ, श्रेय त्याला मिळून जाते!

लेप्टोस्पायरोसिसचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले ते २००५ साली. २६ जुलै रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि पुढील आठवड्यांत मुंबईत या रोगाची साथ आली. उंदीर व इतर जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून जंतू पायाच्या जखमांवाटे शरीरात शिरतात; भातलावणी करणाऱ्यांनाही हा धोका असतो. प्रतिपिंडे पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागत असल्याने तोवर तिसऱ्या प्रकारच्या खुणांवर भिस्त ठेवावी लागते. डेंग्यूत पांढऱ्या पेशी घटतात. येथे त्या बहुधा वाढलेल्या असतात व त्यांत न्यूट्रोफिलचे प्रमाण अधिक असते. तीव्र आजारात बिलिरुबिन खूप चढते, पण यकृताची एसजीओटी व एसजीपीटी ही विकरे त्या मानाने थोडीच वाढतात. विषाणूजन्य काविळीत तीच विकरे हजाराच्या घरात जाऊ शकतात. क्रिएटिनिन वाढूनही पोटॅशियम कमीच असणे, ही या रोगाची आणखी एक सूचक खूण.

स्क्रब टायफस झाडाझुडपांतील सूक्ष्म किडीच्या, चिगरच्या, चाव्याने होतो. २०१८ साली नागपूर व विदर्भात त्याची साथ आली होती. त्याची आयजीएम चाचणीही पहिल्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत कच्चीच असते. मात्र काख, जांघ किंवा स्तनाखाली विडीच्या चटक्यासारखा काळा डाग दिसल्यास तो प्रयोगशाळेच्या आधी बोलतो. तो दुखत नाही, त्यामुळे रुग्ण सांगत नाही. सर्वांग पाहावे लागते.

या दोन्ही जीवाणूजन्य रोगांत सीआरपी हे प्रथिन बरेच वाढते, तर साध्या डेंग्यूत ते बहुधा माफकच राहते. परंतु हिवतापातही ते चढते. म्हणून आधी हिवताप नसल्याची खात्री करून मगच या आकड्याला अर्थ द्यावा.

विषमज्वरासाठी १८९६ पासून प्रचलित असलेल्या वायडल चाचणीवर आपल्याकडे अवास्तव विश्वास टाकला जातो. पूर्वीचा संसर्ग, लस किंवा अन्य तापामुळेही ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्यापूर्वी केलेले रक्तसंवर्धन कितीतरी अधिक भरवशाचे. त्यास काही दिवस लागतात आणि खर्चही अधिक येतो.

तपासण्यांचे निकाल हाती येईपर्यंत गंभीर रुग्णाचा उपचार थांबवून ठेवता येत नाही. लेप्टोस्पायरोसिस किंवा स्क्रब टायफसचा दाट संशय असल्यास डॉक्सिसायक्लिन आधी सुरू होते आणि अहवाल मागाहून येतो. एकाच रुग्णात दोन रोग असणेही पावसाळ्यात अशक्य नाही. म्हणून पहिल्या दिवशी घेतलेल्या अनेक तपासण्या तिसऱ्या व पाचव्या दिवशी पुन्हा कराव्या लागतात. गरीब रुग्णाचे कुटुंब पहिल्या तपासणीचे पैसे कसेबसे उभे करते आणि दुसरीच्या वेळी अडते. तपासणी निधीस येणाऱ्या देणग्यांचा सर्वाधिक उपयोग या दुसऱ्या नमुन्यासाठी होतो.

नातेवाइकांना विनंती एवढीच, की ताप कोणत्या तारखेस सुरू झाला, रुग्ण साचलेल्या पाण्यात, शेतात वा रानात गेला होता का आणि बाहेर कोणती औषधे घेतली, हे केसपेपर काढतानाच सांगावे. जुने अहवाल, ‘निगेटिव्ह’ आलेलेसुद्धा, सोबत आणावेत.