गाईची बाटली, कोंबडीचा थेंब

पावसाळा लागला की परसातल्या कोंबड्यांचं काहीतरी बिघडतं. तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात, कोंबडी दिवसभर चोचीनं पंख विंचरत बसते. सकाळी अंडं घ्यायला खुराड्यात हात घालावा तर मनगटावर सरसर काहीतरी चढतं. मग गोठ्यातल्या फळीवरची बाटली आठवते. गाईच्या गोचिडांसाठी आणलेली, अर्धी उरलेली. विचारलंच तर दुकानदार सांगतो, "तेच चालतं की वहिनी. चार थेंब भातात कालवून टाका."

ती बाटली, बहुधा आयव्हरमेक्टिनची, बनावट नसते आणि तिच्यातलं औषध वाईटही नसतं. पण ते मंजूर झालंय गाई-म्हशींसारख्या मोठ्या जनावरांसाठी. किती द्यायचं, पुन्हा कधी द्यायचं, त्यानंतर मांस किती दिवस खायचं नाही, हे सगळे आकडे त्या जनावरांवर तपासून ठरवलेले असतात. कोंबडीबद्दल लेबलावर एक अक्षर नसतं.

आधी थेंबाचा हिशेब करू. आयव्हरमेक्टिनचं जनावरांचं नेहमीचं इंजेक्शन १ टक्क्याचं असतं, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध. गाईला ५० किलो वजनामागे १ मिलिलिटर, म्हणजे ३०० किलोच्या गाईला ६ मिलिलिटर. हेच माप दीड किलोच्या गावठी कोंबडीला लावलं तर येतात ०.०३ मिलिलिटर. मधुमेही माणसाच्या घरात असते ती ४० युनिटची इन्सुलिन सिरिंज उजेडात धरून पाहा. तिच्यावरची एक बारीक रेघ ०.०२५ मिलिलिटरची. कोंबडीचा वाटा त्या एका रेघेहून जरासाच जास्त. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे एकच थेंब तिला जास्त होतो. दुकानदाराचे चार थेंब एकाच कोंबडीच्या पोटात गेले तर ते जवळजवळ सातपट झाले.

भातात कालवलं की कुणाच्या वाट्याला किती, हे कुणाच्याच हातात राहत नाही. दांडगा कोंबडा आधी ताव मारतो आणि आजारी, मागे राहिलेली तलंग उपाशी राहते. पाण्यात टाकावं तर आयव्हरमेक्टिन पाण्यात नीट विरघळत नाही. भांड्यात ते सगळीकडे सारखं पसरत नाही, आणि कोणती कोंबडी किती प्यायली हे सांगता येत नाही.

हे औषध जंताच्या आणि गोचिडीच्या मज्जातंतूंवर काम करतं. त्यांच्या पेशींमधली विशिष्ट दारं उघडी ठेवून त्यांना लुळं पाडतं. कोंबडीचा मेंदू रक्तातल्या औषधापासून एका नैसर्गिक आडभिंतीमुळे सुरक्षित असतो. मात्रा फारच वाढली तर ती भिंतही पुरी पडत नाही. मग कोंबडी झोकांड्या खाते, मान टाकते, सुस्त पडते. घरचे म्हणतात, रोग आला.

पण मला खरी काळजी वाटते ती अंड्याची. अंड्याचा पांढरा भाग काही तासांत तयार होतो, कवचाला वीसेक तास लागतात. बलकाचं तसं नाही. त्यातली चरबी कोंबडीच्या यकृतात बनते, रक्तातून अंडाशयात येते आणि आठ-दहा दिवस थरावर थर चढत जातात. अंड्यावरची कोंबडी कापताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल: आत बलकांचा घोसच असतो, सुपारीएवढ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत. आज-उद्याचा, परवाचा, पुढच्या आठवड्याचा, सगळे एकाच वेळी वाढत असतात. आयव्हरमेक्टिन चरबीत मुरणारं औषध. आज दिलेला डोस त्या घोसातल्या वाढत्या बलकांमध्ये थोडाथोडा जाऊन बसतो. म्हणून उद्याचं अंडं टाकून दिलं की झालं, असं होत नाही. आठवड्यानंतर येणाऱ्या अंड्याचा बलकही त्याच दिवसांत भरत होता.

यासाठीच 'विथड्रॉवल पीरियड' असतो, म्हणजे औषध दिल्यानंतर अंडी, दूध, मांस वापरायचं नाही ते दिवस. आपल्याकडे २०१२ पासून औषध नियमांनुसार, खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांच्या औषधावर हे दिवस छापावे लागतात. तपासून ठरवलेला आकडा नसेल तर अंडी आणि दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे असतात. यातला 'किमान' हा शब्द महत्त्वाचा. बलक भरायलाच आठ-दहा दिवस लागतात, तिथे चरबीत मुरणाऱ्या औषधाला सात दिवस पुरतील असं मला वाटत नाही. अशी अंडी मी लहान मुलाच्या ताटात वाढणार नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. लाल माइटसाठी, म्हणजे कोंबड्यांचं रक्त पिणाऱ्या बारीक किड्यासाठी, 'वनस्पतिजन्य' म्हणून वापरलेल्या द्रावणात फिप्रोनिल मिसळलेलं निघालं. हे कुत्र्या-मांजरांच्या पिसवा-गोचिडांचं औषध, खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांवर वापरायला तिथे बंदी. ते अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी दुकानांतून परत घ्यावी लागली. त्याच वर्षी, त्याच माइटसाठी, फ्लुरालानर नावाचं पाण्यातून द्यायचं औषध युरोपात मंजूर झालं, तेही अंड्यांसाठी शून्य दिवसांच्या विथड्रॉवल पीरियडनं. फरक इतकाच की ते कोंबडीवर आणि तिच्या अंड्यांवर तपासलं होतं. कुत्र्याचा स्प्रे कोंबडीवर मारणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता परत खुराड्याकडे. औषध कोणतंही असो, आधी उपद्रव कोणाचा हे कळायला हवं. दुपारी कोंबडी हातात धरून गुदाभोवतीची पिसं उलटी करा. पिसांच्या बुडाशी पांढरट लिखांचे पुंजके आणि पळणाऱ्या पिवळसर उवा दिसल्या, तर उपद्रव उवांचा. त्या कायम कोंबडीच्या अंगावरच राहतात. त्या बहुतेक पिसं आणि कोंडा कुरतडून जगतात, त्यामुळे आयव्हरमेक्टिनचा त्यांच्यावर भरवसा नाही. दिवसा अंगावर काहीच दिसलं नाही, तर रात्री बॅटरी घेऊन जा. लाल माइट आणि कोंबडीची गोचीड दिवसा फटीत, बांबूच्या सांध्यात दडतात आणि अंधारात रक्त पितात. पांढरं फडकं दांडीच्या खाचेत दाबून फिरवलं आणि त्यावर रक्ताचे बारीक डाग उमटले, तर रोग खुराड्यात आहे, कोंबडीत नाही. अशा वेळी कोंबडीला औषध पाजून काय साधणार? फटींत उकळतं पाणी ओता, कुजलेलं तूस जाळा, भिंतींना चुना मारा, दांड्या उन्हात टाका. कोंबड्यांना लोळायला चुलीतली राख आणि कोरडी माती द्या. माइटची पिढी उन्हाळ्याच्या दिवसांत आठवड्या-दीड आठवड्यात तयार होते, म्हणून सफाई एकदा करून भागत नाही.

डेल्टामेथ्रिनसारखं गोठ्यातलं फवारणीचं औषध कोंबडीवर मारणं, किंवा तिला बादलीत बुचकळणं, मला मुळीच पसंत नाही. ती पंख चोचीनं विंचरते आणि अंगावरचं औषध पोटात घेते. त्यात पावसाळी गारठा. आणि उरलेलं पाणी ओढ्यात ओतलं तर मासे मरतात.

जंतांचं प्रकरण वेगळं. गोल जंत आणि पट्टकृमी दिसायला वेगळे, औषधही वेगळं. पट्टकृमीवर आयव्हरमेक्टिन चालतच नाही. कोंबडी मुंग्या-किडे टिपते आणि त्यांच्यातून हा कृमी पुन्हा पोटात जातो. गोल जंतांसाठी पायपेराझिनसारखी कोंबड्यांच्या मात्रेची औषधं मिळतात. लेबलावर कोंबडीसाठी डोस आणि अंड्यांचे दिवस छापलेले आहेत का, हे पैसे देण्याआधी वाचा.

सकाळची ताजी विष्ठा एका स्वच्छ डबीत घ्या, कोंबडीचं वजन ताजव्यावर करा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात. दवाखाना लांब असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे.