तपस्तब्धीजवळील वातावरणीय स्थिरता : उष्णता व आर्द्रता यांची भूमिका

प्रस्तावना :
भूपृष्ठापासून जसजसे वर जावे तसतसे हवेचे तापमान कमी होत जाते. मात्र एका विशिष्ट उंचीनंतर ही घट जवळजवळ थांबते. तपांबर व स्थितांबर यांमधील या सीमेस तपस्तब्धी म्हणतात. फ्रान्समधील तेसेराँ द बोर व जर्मनीतील रिचर्ड आसमान यांनी १९०२ मध्ये फुग्यांद्वारे घेतलेल्या निरीक्षणांवरून या सीमेपलीकडील स्तराचा शोध जाहीर केला. ध्रुवीय प्रदेशात ही सीमा सुमारे ८ ते ९ कि.मी., तर उष्ण कटिबंधात सुमारे १६ ते १७ कि.मी. उंचीवर असते. अध्यापनात तिला तपांबराचे 'झाकण' म्हटले जाते. हे झाकण कशामुळे घट्ट होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्थिरतेचा अर्थ :
वर जाणारी कोरडी हवा प्रसरण पावते व बाहेरून उष्णता न मिळाल्यास दर कि.मी.ला ९.८° से. थंड होते. सभोवतालच्या हवेचे तापमान याहून कमी वेगाने घटत असेल, तर वर ढकललेली हवा सभोवतालापेक्षा थंड व जड ठरून मूळ पातळीकडे परतते. हीच स्थिरता होय. तपांबरात तापमानघट सरासरी ६.५° से. प्रति कि.मी. असते. तपस्तब्धीशी ती २° से. किंवा त्याहून कमी होते आणि स्थिरता एकाएकी वाढते.

आर्द्रतेचे कार्य :
बाष्पाचे सांद्रीभवन होताना दर किलोग्रॅममागे सुमारे २५ लाख ज्यूल सुप्त उष्णता मुक्त होते. त्यामुळे उष्ण व संपृक्त हवा वर जाताना दर कि.मी.ला सुमारे ४° से. एवढीच थंड होते आणि गर्जन मेघ उंच वाढतात. परंतु अधिक उंचीवरील अतिशीत हवेत बाष्प अत्यल्प उरते. तेथे सुप्त उष्णतेचे पाठबळ संपत येते व संपृक्त हवाही जवळजवळ कोरड्या हवेइतक्याच वेगाने थंड होते. म्हणून उष्ण कटिबंधातील बहुतेक मेघांची हवा १२ ते १४ कि.मी. उंचीवर आडवी पसरते. मेघाचा ऐरणीसारखा माथा हे याचेच दृश्य रूप होय. त्याहून वर मात्र तापमानाचे नियमन क्रमशः प्रारणाकडे जाते.

प्रारणाचा परिणाम :
तपस्तब्धीच्या परिसरात बाष्प अवरक्त प्रारण उत्सर्जित करून हवा थंड करते. तिच्या वरील ओझोन प्रारण शोषून हवा तापवतो. खाली थंड व वर उबदार अशा रचनेमुळे सीमेलगत अतिस्थिर असा पातळ थर निर्माण होतो. जर्मनीतील फुग्यांच्या नोंदींवरून थॉमस बिर्नर व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या थराकडे लक्ष वेधले. तपस्तब्धीची उंची रोज बदलत असल्याने समुद्रसपाटीपासून मोजलेल्या उंचीनुसार सरासरी काढली की हा थर पुसला जातो; तपस्तब्धीपासूनचे अंतर मोजून सरासरी काढल्यास तो स्पष्ट दिसतो.

परस्परावलंबन :
उष्ण कटिबंधीय तपस्तब्धीचे तापमान सुमारे –८०° से. असते. तीतून सावकाश वर जाणाऱ्या हवेतील बहुतांश बाष्प गोठून हिमकणांच्या रूपाने गळते. स्थितांबर इतके कोरडे का, याचे हे स्पष्टीकरण ॲलन ब्रूअर यांनी १९४९ मध्ये सुचविले. अशा रीतीने आर्द्रता तापमान घडविते आणि तापमान आर्द्रतेवर मर्यादा घालते.

हा विषय केवळ तात्त्विक नाही. २००० नंतर स्थितांबराच्या खालच्या भागातील बाष्प सुमारे १० टक्क्यांनी घटले. या घटीमुळे २००० ते २००९ या काळातील तापमानवाढीचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी मंदावला, असा निष्कर्ष सुझन सॉलोमन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडला. उलट, जानेवारी २०२२ मध्ये टोंगातील हुंगा ज्वालामुखीने तपस्तब्धी भेदून सुमारे १४.६ कोटी टन बाष्प थेट स्थितांबरात फेकले. स्थितांबरातील एकूण बाष्पाच्या ते सुमारे १० टक्के होते.

समारोप :
तपस्तब्धी ही निश्चल भिंत नसून सुप्त उष्णता, प्रारण व मंद ऊर्ध्वगती यांच्या तोलातून सतत घडणारी सीमा आहे. तेथील बाष्पाचे प्रमाण अत्यल्प असले, तरी पृथ्वीच्या उष्णतेच्या ताळेबंदात त्याचे वजन मोठे आहे. हवामानाच्या ज्या प्रतिमानांत उंचीचे टप्पे विरळ असतात, त्यांत हा पातळ थर नीट उमटत नाही. म्हणूनच भावी हवामानाचे अनुमान करताना या सीमेचे सूक्ष्म चित्रण आवश्यक ठरते.