ग्वाल्हेरची छोटी गाडी टेबलावर कशी आणावी?



जयविलास महालातील मेजवानीच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी तुम्ही पाहिली असेलच. आपल्या गावची दुसरी छोटी गाडी मात्र आता दिसत नाही. माधवराव शिंदे यांच्या काळात उभ्या राहिलेल्या रेल्वेवर ग्वाल्हेर ते श्योपूर असे सुमारे २०० किलोमीटर धावणारी ही नॅरोगेज गाडी २०२० साली ब्रॉडगेजच्या कामासाठी कायमची बंद झाली. आज शाळेच्या खालच्या वर्गांत असलेल्या मुलांना तिची आठवण असणे शक्यच नाही. म्हणून हस्तकलेच्या वर्गात तिची प्रतिकृती करायचे आम्ही ठरवले. जागा मिळाली चार फूट बाय दोन फूट टेबलाची. लगेच प्रश्न आला, प्रमाण कोणते घ्यायचे?

प्रमाण आणि गेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरी वस्तू किती पट लहान केली ते प्रमाण. दोन रुळांमधील आतले अंतर म्हणजे गेज. आपल्या गाडीचे गेज दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर होते. नेरळ-माथेरानचेही तेवढेच आहे. बडोद्याजवळच्या डभोईची छोटी लाईन अडीच फुटांची, म्हणजे ७६२ मिलिमीटरची होती.

प्रतिकृतीसाठी तयार रूळ मात्र ठरावीक मापांचेच मिळतात. त्यांतील तीन मापे आम्ही विचारात घेतली: ९, १६.५ आणि ३२ मिलिमीटर. रुळाचे माप गुणिले प्रमाण, एवढाच हिशोब. उत्तर ६१० च्या जितके जवळ, तितकी गाडी खरी दिसणार.

९ मिलिमीटरचा रूळ १:८७ प्रमाणात घेतला तर उत्तर ७८३ येते. डभोईच्या गाडीला हे चालले असते, आपल्या गाडीला रूळ फार रुंद होतात. १:७६ घेतले तर ६८४ येते, म्हणजे बरे. शिवाय या रुळावर छोटी गाडी २३ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावरही वळते. त्यामुळे आपल्या टेबलावर पूर्ण गोल फेरा बसतो.

३२ मिलिमीटर आणि १:१९ यांचा गुणाकार ६०८, म्हणजे जवळजवळ अचूक! पण या प्रमाणात आपल्या चार फुटी टेबलावर खऱ्या जागेचे फक्त २३ मीटर मावतात. तेवढ्यात स्टेशन कसले, पाटीच उभी राहील. हे प्रमाण बागेत रूळ टाकणाऱ्यांसाठी चांगले.

राहिला १६.५ मिलिमीटर. १:४८ ला ७९२ येते, ते नको. १:३५ ला मात्र ५७७.५ येते, म्हणजे खऱ्यापेक्षा जेमतेम तीन सेंटिमीटर कमी. टेबलावर सुमारे ४३ मीटर जागा मावते. अडचण एकच. या रुळांच्या तयार वळणांपैकी नेहमीचे सर्वांत लहान वळण ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे असते. गोल करायला ७२ सेंटिमीटरहून अधिक रुंदी लागते आणि आपले टेबल ६१ सेंटिमीटरचे. गोल बसत नाही.

येथे आमच्यात दोन पक्ष पडले. मुलांना गाडी गोल फिरताना हवी होती. आजी-आजोबांना विचारले तेव्हा प्रत्येकाला आधी आठवली ती टपावर बसलेली माणसे, मग इंजिन. साडेपाच फुटी माणूस १:७६ मध्ये २२ मिलिमीटर होतो, १:३५ मध्ये ४८. बावीस मिलिमीटरच्या माणसाला फेटा बांधणे सहावीच्या मुलांना जमत नाही, हे आम्ही करून पाहिले. अठ्ठेचाळीसला जमते.

शेवटी १:३५ ठरले. गाडी गोल फिरणार नाही. एका छोट्या स्टेशनात येईल, थांबेल, माणसे घेईल आणि मागे जाईल. इंजिनासाठी १६.५ मिलिमीटरची तयार यंत्रणा घेऊन वरचा सांगाडा पुठ्ठ्याचा करू. तयार रुळांचे स्लीपर या प्रमाणात आखूड आणि दाट दिसतात, म्हणून ते माती-खडीत बुजवू.

यातून आम्ही एक शिकलो. प्रमाण निवडताना आधी जागा मोजावी, मग गुणाकार करावा. पण त्याहीपूर्वी आपल्याला नेमके काय दाखवायचे आहे ते ठरवावे.

पालकांना विनंती, घरी या गाडीचे जुने फोटो असल्यास शाळेत दाखवावेत, लगेच परत करू. फोटोत माणूस उभा असेल तर फार उत्तम. त्याच्या उंचीवरून डब्याच्या उंचीचा अंदाज काढता येतो. विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ असा: आजोबांची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, ३५ ने भागा आणि तेवढे आजोबा मातीचे करून आणा. टपावर जागा राखून ठेवली आहे.