बहुशीर्ष परिमित यंत्रांचे गणनसामर्थ्य

वाशीम येथे सापडलेला वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. वत्सगुल्म हे या नगराचे प्राचीन नाव. अशा ताम्रपटाचे वाचन कागदावर उतरवून घेतले, म्हणजे ते मुळाशी ताडून पाहावे लागते. एक बोट मुळावर, दुसरे नकलेवर, आणि दोन्ही अक्षराक्षराने पुढे सरकतात. कचेरीच्या भाषेत यास रुजुवात म्हणतात. रुजुवात करणाऱ्यास मजकुराचा अर्थ कळावा लागत नाही, की तो लक्षात ठेवावा लागत नाही. बोटे कोठे टेकली आहेत, एवढ्यावर काम भागते. मग किती बोटांनी किती काम होईल? प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु संगणनशास्त्रात त्याचे निर्दोष उत्तर मिळावयास बारा वर्षे लागली.

परिमित यंत्र म्हणजे मोजक्याच अवस्था असलेले यंत्र. पट्टीवरील मजकूर ते एकेक अक्षर वाचते आणि प्रत्येक अक्षरागणिक अवस्था बदलते. पट्टीवर त्यास काही लिहिता येत नाही. वाचणाऱ्या अवयवास आपण शीर्ष म्हणू. शीर्ष एकच असेल तर पट्टीवर लिहिलेला मजकूर आणि लागलीच त्यापुढे लिहिलेली त्याची नक्कल ही तंतोतंत जुळतात की नाही, हे अशा यंत्रास ठरविता येत नाही, कारण मजकूर हवा तितका लांब असू शकतो आणि अवस्था मात्र ठराविकच. शीर्षास मागेपुढे फिरण्याची मुभा दिली तरी सामर्थ्य वाढत नाही, हे रॅबिन व स्कॉट आणि स्वतंत्रपणे शेफर्डसन यांनी १९५९ साली दाखविले. याउलट दुसरे शीर्ष दिले की दोहोंची वाटचाल एकाच दिशेने असूनही रुजुवात सहज होते.

दोहोंपेक्षा तीन बरी, तिहींपेक्षा चार बरी, हे ओघानेच आले असे वाटेल. रोझेनबर्ग यांनी १९६६ साली एकदिश शीर्षांपुरती याची सिद्धता प्रसिद्धही केली. परंतु ती अपुरी असल्याचे फ्लॉइड यांनी १९६८ साली निदर्शनास आणले. विधान खरे असावे याविषयी फारसा कोणास संशय नसावा. पण जे उघड वाटते ते सिद्ध करणे किती अवघड असते, याचा अनुभव गणिताच्या विद्यार्थ्यास नवा नाही. अखेर याओ आणि रिव्हेस्ट यांनी १९७८ साली जी सिद्धता दिली, तिचे मर्म एका साध्या मोजणीत आहे.

पट्टीवर सहा शब्द आहेत असे समजू. पहिला सहाव्याशी, दुसरा पाचव्याशी आणि तिसरा चौथ्याशी जुळतो काय, हे पाहावयाचे आहे. शीर्षे डावीकडून उजवीकडेच जातात. दोन शीर्षांनी दुसरा व पाचवा शब्द ताडला, तर तिसऱ्या-चौथ्यासाठी पुढील शीर्षास चौथ्यावर परत यावे लागेल. पहिल्या-सहाव्यासाठी मागील शीर्षास पहिल्यावर परत जावे लागेल. दोन्ही गोष्टी अशक्य. म्हणजे शीर्षांच्या एका जोडीच्या वाट्यास शब्दांची एकच जोडी येते.

आता तीन शीर्षे घ्या : अ, आ, इ. अ आरंभीच थांबू द्या. आ दुसऱ्या शब्दावर व इ पाचव्यावर नेऊन ते दोन ताडा. इ आता सहाव्याच्या तोंडाशी आहे. अ व इ यांनी पहिला आणि सहावा ताडा. इ चे काम संपले. राहिलेल्यांपैकी अ तिसऱ्यावर आणि आ चौथ्यावर न्या. तीन शीर्षांच्या जोड्या तीन, आणि तिन्ही कामी आल्या. चार शीर्षांच्या जोड्या सहा, म्हणून त्यांना असे बारा शब्द झेपतात. तेरावा-चौदावा वाढविला की एक जोडी न ताडता राहते. ती राहिली तर काय बिघडते? शब्द पुरेसे लांब घेतले, तर असे दोन वेगवेगळे मजकूर निश्चितपणे सापडतात की ज्यांत याच एका जोडीपुरता फरक असून मोक्याच्या प्रत्येक क्षणी यंत्राची अवस्था व शीर्षांची स्थाने सारखीच असतात. मग त्या जोडीतील एक शब्द पहिल्या मजकुरातून आणि दुसरा दुसऱ्यातून घेऊन खोटा मजकूर बनविला, तरी यंत्र तो खरा म्हणून स्वीकारते. खोटी नक्कल रुजू झाली! जोड्यांची संख्या प्रत्येक नव्या शीर्षाबरोबर वाढते, म्हणून सामर्थ्यही वाढते.

याच मोजणीने आणखी एक गोष्ट कळते. ‘रामाला भाला मारा’ या मुलांच्या तोंडच्या वाक्यासारखी उलटसुलट सारखीच वाचली जाणारी अक्षररचना ओळखणे एकदिश यंत्रास, शीर्षे कितीही असली तरी, साधत नाही. कारण रचना लांबवून तिचे हवे तितके तुकडे पाडता येतात. शीर्षांना मागे वळू दिले, तर मात्र दोनच पुरतात : एक आरंभापासून, दुसरे शेवटापासून.

मागेपुढे फिरणाऱ्या बहुशीर्ष यंत्रांचे महत्त्व याहून मोठे आहे. दहा लक्ष अक्षरांच्या पट्टीवर एक शीर्ष कोठे आहे हे टिपून ठेवण्यास वीस द्विमान अंक पुरतात. तेव्हा काही शीर्षे बाळगणे म्हणजे पट्टीच्या लांबीच्या लघुगणकाच्या प्रमाणात स्मरणजागा बाळगणे होय. ही दोन्ही सामर्थ्ये तंतोतंत समान आहेत, हे हार्टमानिस यांनी १९७२ साली प्रस्थापित केले. या मर्यादेतही शीर्षागणिक सामर्थ्य वाढतेच, असे मोनिएन यांनी १९८० साली सिद्ध केले. पण अशा अल्प जागेत, पुढील पाऊल निवडण्याची मोकळीक असलेले यंत्र निश्चित क्रमाने चालणाऱ्या यंत्राहून खरोखर समर्थ आहे काय, याचा निर्णय आजही झालेला नाही. सडबरो यांनी १९७५ साली दाखविल्याप्रमाणे त्यासाठी सर्व यंत्रे तपासण्याचे कारण नाही : निवडीची मोकळीक असलेली, केवळ दोन शीर्षांची, केवळ पुढेच जाणारी यंत्रे जे जे ओळखतात, ते सर्व निश्चित क्रमाच्या बहुशीर्ष यंत्रांस ओळखता येते की नाही, एवढे ठरले तरी पुरे.